खुंटी पक्की, यंत्र बेभरवशाचं

माझ्या डाव्या कानामागं, कवटीच्या हाडात, ४ मिलिमीटर लांबीचा टायटॅनियमचा स्क्रू आहे. ऐकण्याचं यंत्र अडकवायला तो २०१७ च्या डिसेंबरात बसवला. तेव्हापासून तो जागचा हललेला नाही, गंजलेला नाही, त्याला कधी सर्व्हिसिंग लागलेलं नाही. कुणी विचारलं की ऑपरेशनचा अनुभव कसा, तर मी सांगतो, ऑपरेशन उत्तम. पुढचं ऐकायचं असेल तर आधी चहा सांगा.

मी मोटारी भरतो. म्हणजे पलूसला माझं रिवायंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, नदीवरच्या पाण्याच्या मोटारी जळाल्या की माझ्याकडं येतात. जळकी तार कापून काढायची, नवीन कॉइल भरायची, वॉर्निश पाजायचं, भट्टीत वाळवायचं, मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं मीटर, लावून बघायचं आणि शेतकऱ्याच्या ताब्यात द्यायची. उमेदीची सगळी वर्षं यातच गेली. हे मुद्दाम सांगतोय, कारण पुढं जे रडगाणं आहे ते दुरुस्तीतलं काही न कळणाऱ्या माणसाचं नाही.

कान लहानपणीच फुटला. गावात कानात जे जे घालतात ते सगळं घालून झालं. वाहता कान घेऊनच शाळा संपली. पुढं मिरजेला ऑपरेशन झालं, मग काही वर्षांनी त्याच कानाचं दुसरं. आत जी वाढ होती ती हाड खात चालली होती, म्हणून कानामागचं हाड कोरून काढावं लागलं. कान कोरडा झाला, पण आवाज आत पोचवणारी बारीक हाडांची साखळी त्यात गेली. साधं यंत्र लावायचं तर कानात साचा बसवावा लागतो. साचा बसला की हवा कोंडते आणि कोरडा कान परत वाहायला लागतो. उजव्या कानाची तर नसच गेलेली. थोडक्यात, माझ्याकडं एक चांगला आतला कान होता आणि तिथपर्यंत जायला वाट नव्हती.

पुण्यातल्या डॉक्टरांनी नादकाटा कोपरावर आपटून माझ्या कानासमोर धरला. काही नाही. मग त्याचं बूड कानामागच्या हाडावर टेकवलं, आणि डोक्यात घुमला. ते म्हणाले, “आवाज हाडातून पाठवता येईल.” मला यात नवल वाटलं नाही. बेअरिंग गेलंय का हे बघायला आम्ही मोठ्या स्क्रू ड्रायव्हरचं टोक बेअरिंगच्या कव्हरवर टेकवतो आणि मूठ कानाला लावतो. बाकीचे मूठ कानाच्या भोकाशी धरतात. मी पहिल्यापासून ती कानामागच्या हाडावर दाबत आलो, कारण मला तिथंच ऐकू यायचं. माणसांचं बोलणं कळत नसलं तरी बेअरिंगची खरखर मला दुकानात सगळ्यांच्या आधी कळायची. बाहेरचा गोंगाट मला त्रासच देत नव्हता ना. डॉक्टरांना हे सांगितलं तर त्यांनी शेजारच्या खोलीतल्या शिकाऊ डॉक्टरांना बोलावून परत सांगायला लावलं.

टायटॅनियमला हाड असं धरून बसतं हे स्वीडनच्या ब्रॅनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशांवर प्रयोग करताना कळलं. हाडात बसवलेलं टायटॅनियमचं उपकरण काढायला गेले तर ते निघेना. १९६५ मध्ये त्यांनी याच तत्त्वावर माणसाच्या जबड्यात दात बसवले, आणि १९७७ मध्ये गोथेनबर्गला ट्येलस्ट्रॉम यांनी ऐकण्यासाठी पहिला स्क्रू कानामागं बसवला. म्हणजे माझी पाळी आली तेव्हा ही विद्या चाळीस वर्षांची होती. नव्या मॉडेलची मला कधीच हौस नाही. चाळीस वर्षं टिकलेली वस्तू म्हटल्यावर मी हो म्हणालो. टिकलेला असतो तो हाडातला स्क्रू आणि वर बसतं ते यंत्र दर थोड्या वर्षांनी बदलतं, या दोन गोष्टी वेगळ्या करून मला कुणी सांगितल्या नाहीत. पैसे भावाच्या उसाच्या बिलातून उभे राहिले. वहिनीनं कधी बोलून दाखवलं नाही, हे इथं लिहून ठेवतो.

ऑपरेशन जागेपणीच झालं, भूल तेवढ्याच जागेला. ड्रिलचा आवाज मात्र आयुष्यात ऐकलेला सगळ्यात स्पष्ट आवाज. स्क्रूवर एक खुंटी बसवतात, ती कातडीच्या बाहेर काही मिलिमीटर डोकावते. ती किती टॉर्कनं आवळतात असं मी विचारलं. नर्स हसली, डॉक्टरांना प्रश्न आवडला. २५ न्यूटन-सेंटिमीटर. मग हाड धरेपर्यंत थांबायचं, खुंटीभोवतीची कातडी रोज मऊ ब्रशनं साफ करायची, आणि २०१८ च्या एप्रिलमध्ये यंत्र हातात आलं. अंगठ्याच्या पेरापेक्षा थोडं मोठं, खुंटीवर टिचबटण दाबल्यासारखं टक्‌ करून बसतं.

चांगलं चाललं तेव्हाचं फार लिहीत नाही. बायको स्वयंपाकघरातून हाक मारायची आणि मी ‘ओ’ द्यायचो, यात सगळं आलं. गिऱ्हाइकाशी भाव करताना पूर्वी मी त्याच्या तोंडाकडं बघायचो, आता मोटारीकडं बघत बोलू लागलो.

२०१९ चा ऑगस्ट आमच्याकडच्या माणसाला सांगावा लागत नाही. पूर ओसरला आणि भिलवडी, औदुंबर, आमणापूर, अंकलखोप, सगळ्या नदीकाठच्या मोटारी ट्रॉलीत भरून दुकानात येऊ लागल्या. दुकानात जागा नाही, म्हणून अंगणात, मग रस्त्याच्या कडेला. गाळ काढायचा, मोटार खोलायची, चांगल्या पाण्यानं परत धुवायची, भट्टीत घालायची, मेगरवर रीडिंग येईपर्यंत वाळवायची. आत भट्टीची धग, बाहेर पावसाळी दमट हवा, अंगावर घामाच्या धारा. त्याच दिवसांत यंत्र पहिल्यांदा बंद पडलं.

बंद पडलं म्हणजे मेलं नाही. मेलं असतं तर सोपं झालं असतं. सकाळी लावलं की झकास चालायचं. दुपारकडं आवाज आधी पातळ व्हायचा, मग तुटक यायचा, मग ठप्प. काढून टेबलावर ठेवलं, चहा घेऊन परत लावलं की जणू काही झालंच नाही.

आधी सेल बघितला. माझं यंत्र ३१२ नंबरच्या झिंक-एअर सेलवर चालतं. सेलच्या पाठीवरची तपकिरी चिकटपट्टी काढली की भोकातून हवा आत जाते आणि तेव्हा कुठं तो जागा होतो. पट्टी काढून मिनिटभर थांबून मग घालायचा, हे विकणारेसुद्धा सांगत नाहीत. नुसता मीटर लावून सेल कळत नाही. लोड नसताना दमलेला सेलही चांगलं व्होल्टेज दाखवतो, म्हणून मी रेझिस्टर लावून बघितला. सेल चांगला. काँटॅक्ट कोरड्या कापडानं पुसले. रात्री सिलिका जेलच्या डबीत यंत्र ठेवायचा नेम पहिल्या दिवसापासून होता. खुंटी घट्ट. म्हणजे दोष आतला आणि तापल्यावर उघडा पडणारा. आमच्यात याला लूज काँटॅक्ट नाहीतर ड्राय सोल्डर म्हणतात. सगळ्यात हरामी दोष हाच, कारण मेकॅनिकच्या समोर तो कधी येत नाही.

आत काय असतं ते मी वाचून काढलं होतं. माइक, आवाज घडवणारी चिप, आणि शेवटी एक बारकं कॉइल, चुंबक आणि त्यांच्यामध्ये केसापेक्षा बारीक फट. कॉइलमधून करंट गेला की त्या फटीत थरथर होते, तीच खुंटीतून हाडात उतरते. कॉइल आणि एअर गॅप! आयुष्यभर मी दुसरं काय केलंय? म्हणूनच ते खोलायची बोटांना खाज सुटली, आणि म्हणूनच खोललं नाही. एवढ्या फटीत कणभर कचरा गेला तर काय होईल हे मला कुणी सांगायला नको. शिवाय वॉरंटी चालू होती, एप्रिल २०२० पर्यंत.

किर्लोस्करवाडीला रेल्वेत बसलो आणि पुण्याला गेलो. श्रवणतज्ज्ञ मॅडम आमच्या थोरल्या मुलीच्या वयाच्या. यंत्र कॉम्प्युटरला जोडलं, पडद्यावर बघितलं, माझ्या कानामागं लावलं, चार शब्द बोलल्या.

“काका, आत्ता तर व्यवस्थित चालतंय.”

एसीच्या खोलीत ते चालणारच होतं. मी म्हटलं, मॅडम, मी बाहेर उन्हात बसतो तासभर, मग बघा. त्यांनी बसू दिलं, पण बाहेर ढग आलेले आणि पुण्याची हवा थंड. यंत्रानं दिवसभर एक शब्द चुकवला नाही. या पोरीबद्दल माझी तक्रार नाही. तिच्याकडं केवढ्या तरी गावांचे पेशंट आणि हातात स्क्रू ड्रायव्हरसुद्धा नाही. कंपनीनं तिला यंत्र उघडायची परवानगीच दिलेली नव्हती. तिनं करायचं ते केलं, फॉर्म भरला आणि यंत्र पुढं पाठवलं. तिथून ते मुंबईला आणि मुंबईहून परदेशी.

बदली यंत्र म्हणून एक असतं, ते दुसऱ्या पेशंटकडं गेलेलं. त्यामुळं मी मोकळ्या डोक्यानं पलूसला परत. गिऱ्हाइकं खोक्याच्या पुठ्ठ्यावर लिहून दाखवू लागली. दुकानातला विकास माझा दुभाषा झाला, आणि तो पोरगा शेतकऱ्याची पाच मिनिटांची कैफियत दोन शब्दांत सांगायचा: “जळली, अर्जंट.” त्या पाच मिनिटांतच कळत असतं की मोटार का जळली, फेज गेला होता की पाणी आटलं होतं. शेवटी मी पुठ्ठ्यावर प्रश्न छापूनच घेतले. घरी बोलणं जवळजवळ बंद. बहिऱ्या माणसाचं घर शांत असतं असं लोकांना वाटतं. ओरडून ओरडून आमच्याकडं सगळ्यांचे घसे बसले होते.

दिवाळीच्या तोंडावर यंत्र परत आलं. सोबत कागद: तपासणीत दोष आढळला नाही, साफसफाई केली, सेलचं झाकण बदललं. झाकणाला काही झालं नव्हतं.

या वाक्यावर मी फार चिडलो, आणि अजून चिडतो. दोष नाही आणि आम्हाला दिसला नाही, यात केवढा फरक आहे. मी मोटार नुसती नो-लोडवर फिरवून ‘ठीक आहे’ म्हणून परत दिली, तर शेतकरी दुसऱ्या दिवशी ती माझ्या दारात आणून आपटेल, आणि ते बरोबरच आहे. जो दोष उष्णतेनं येतो तो बघायला उष्णता द्यावी लागते. मॅडमनं फॉर्मवर ‘गरम झाल्यावर बंद पडते’ असं स्पष्ट लिहिलं होतं. तो रकाना कुणी वाचला होता असं कागदावरून तरी दिसत नव्हतं.

यंत्र अर्थातच परत तसंच करू लागलं. आता मी ठरवलं की पुरावाच द्यायचा. या यंत्राबरोबर एक प्लॅस्टिकची दांडी मिळते. यंत्र तिला लावून दांडी दुसऱ्याच्या कानामागच्या हाडावर टेकवली की चांगल्या कानाच्या माणसालाही मला काय ऐकू येतं ते कळतं. मात्र त्याचे दोन्ही कान बंद हवेत. मी आधी दांडी पत्र्याच्या डब्यावर टेकवून बघितली, म्हणजे डबाच बोलेल. डबा बोलला, पण त्याचा आवाज परत माइकमध्ये शिरून अशी शिट्टी सुटली की शेजारचा गॅरेजवाला उठून आला. मग विकासला बसवला. भट्टीपासून थोड्या अंतरावर खुर्ची, समोर रेडिओ, माझ्या हातात दांडी. ऐकू येतंय तोवर हात वर, थांबलं की हात खाली. मुलीनं मोबाइलवर सगळं टिपलं, बाजूला थर्मामीटर आणि घड्याळ दिसेल असं ठेवून. तापमान ४० च्या आसपास गेलं आणि विकासचा हात खाली आला. यंत्र बाहेर ओट्यावर नेऊन गार केलं, हात वर. परत भट्टीजवळ, हात खाली. माणसाच्या अंगाची उष्णता ३७ असते आणि आमचा उन्हाळा ४० चा. म्हणजे यंत्राला मी काही जगावेगळं छळलं नव्हतं.

तो व्हिडिओ बघून मॅडम म्हणाल्या, “असं कुणीच आणून दाखवलं नव्हतं.” फेब्रुवारी २०२० मध्ये यंत्र परत रवाना झालं. या खेपेला बदली यंत्र मिळालं, अनामत रक्कम भरून. ते जुनं, कमी ताकदीचं. तरी होतं.

आणि मार्चच्या शेवटी देश बंद झाला.

माझं यंत्र कुठल्या गोदामात होतं, कुठल्या विमानतळावर, हे कुणाला सांगता येईना. त्यात मास्क आले. मास्कनं दोन गोष्टी केल्या. समोरच्याचे ओठ गेले. आम्ही अर्धं ओठांवरून ऐकतो हे कान असणाऱ्यांना तेव्हा कळलं असेल. आणि माझ्या मास्कचं इलॅस्टिक नेमकं यंत्राच्या शेजारून जायचं, काढताना यंत्र घेऊन खाली यायचं. बदली यंत्र भर रस्त्यात पडलं तेव्हा अनामत रकमेचा आकडा डोळ्यांसमोर आला. तेव्हापासून यंत्राला दोरी आणि दोरीला कॉलरचा चाप, लहान पोरांना लावतात तसा.

जूनमध्ये निरोप आला. यंत्र तपासलं, आत ओलावा आणि क्षाराचे डाग सापडले, हा दोष वापरणाऱ्याचा, शिवाय वॉरंटी एप्रिलमध्ये संपली आहे. दुरुस्तीचा ठरावीक दर, कुठलाही दोष असो तेवढाच. आकडा असा की तेवढ्यात दोन नव्या पाच हॉर्सपॉवरच्या मोटारी आल्या असत्या.

वॉरंटी संपली तेव्हा यंत्र माझ्या डोक्यावर नव्हतं, त्यांच्याकडंच होतं. मोटार माझ्या दुकानात पडलेली असताना तिची मुदत संपली म्हणून मी गिऱ्हाइकाकडं पैसे मागितले तर पलूसमध्ये मला कुणी चहासुद्धा देणार नाही.

ओलाव्याचं म्हणाल तर, माहितीपत्रकात यंत्र पाण्याला किती तोंड देतं याचे आयपीचे आकडे छापलेले होते. आयपी मला कळतं. माझ्याकडं येणाऱ्या कितीतरी मोटारींच्या पाटीवर आयपी ५५ असतं: पहिला ५ धुळीचा, दुसरा पाण्याच्या फवाऱ्याचा. पण ती चाचणी होते साध्या पाण्यानं. घाम म्हणजे मिठाचं पाणी, तो सुकला तरी मीठ मागं राहतं आणि दमट हवा लागली की परत ओलं होतं. केसासारख्या बारीक तांब्याच्या रेषा त्यात किती टिकणार? कानामागं लावायचं यंत्र, तिथं घाम येतो हे बनवणाऱ्याला माहीत नसेल असं मी मानत नाही. थंड देशात बनलेल्या वस्तूचा सगळा कागद थंड देशाचाच असतो, पंपांच्या बाबतीतही मी हे बघितलंय.

तक्रार करायला फोन नंबर दिला होता. फक्त फोन. माझ्या फाइलवर पहिल्या ओळीत लिहिलंय की पेशंटला ऐकू येत नाही, आणि यंत्र त्यांच्याकडं. तरी रोज कुणीतरी मला फोन करून माझ्याशी बोलायचा प्रयत्न करायचं आणि ‘ग्राहकाने प्रतिसाद दिला नाही’ अशी नोंद करून टाकायचं. मुलीनं फोन घेतला की म्हणायचे, पेशंटशीच बोलायला हवं. ती म्हणाली, “बोला की मग!” आणि फोन माझ्या हातात दिला. मी हॅलो हॅलो करत राहिलो. ही एवढीच काय ती त्या पावसाळ्यातली करमणूक.

मग आम्ही लिहायला बसलो. ग्राहक हेल्पलाइनही फोनचीच, तो मुलीनं लावला. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि तक्रार नोंदवली. त्याच सुमारास, जुलै २०२० मध्ये, नवा ग्राहक संरक्षण कायदा लागू झाला. त्यात ग्राहक जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, मग कंपनी कुठलीही असो. ओळखीच्या वकिलांनी हे सांगितलं आणि मला एकदम धीर आला, कारण सांगली म्हणजे एसटीनं जाऊन संध्याकाळी घरी. पत्र दोन पानांचं केलं. यंत्र कोणत्या तारखेला दिलं, वॉरंटी कोणत्या तारखेपर्यंत होती, पहिल्या खेपेचा ‘दोष आढळला नाही’ हा कागद, व्हिडिओची प्रत, आणि शेवटी एवढंच की दोष वॉरंटीत असताना दोनदा लेखी कळवला होता, तुम्हाला तो पहिल्यांदा दिसला नाही; आता सांगलीच्या आयोगासमोर बघू. शिवी एकही नाही. मुलीला दोन ठिकाणी घालायच्या होत्या, मी खोडल्या.

गणपती उठले आणि मेल आला: सदिच्छा म्हणून यंत्र मोफत दुरुस्त करून देत आहोत. सदिच्छा! असो.

आलं ते माझं यंत्र नव्हतं. रंग तोच, मॉडेल तेच, पण नंबर वेगळा. सोबतच्या कागदावर ‘अंतर्गत भाग बदलला’ एवढंच. कुठला भाग? काय सापडलं? मी मॅडमना विचारलं, मॅडमनी पुढं विचारलं, उत्तर आलं नाही. मोटार भरून दिली की मी गिऱ्हाइकाला जळकं कॉइल दाखवतो, हे बघ इथं शॉर्ट झालं होतं. माणसाला कारण कळलं की तो पुढच्या खेपेला जपतो. मला अजून माहीत नाही की २०१९ मध्ये माझ्या यंत्राला काय झालं होतं.

ते दुसरं यंत्र मात्र चाललं. किरकोळ गोष्टी झाल्या. खुंटीवर बसणारा प्लॅस्टिकचा भाग झिजतो, मग यंत्र सैल बसतं, मान वळवली की खरखरतं, हेल्मेट काढताना खाली येतं. तो भाग बदलायला पाच मिनिटं लागतात. त्या पाच मिनिटांसाठी पुण्याची वारी. मी म्हटलं, मॅडम, तो भाग आणि ते छोटं हत्यार मला विकत द्या. नियमात बसत नाही म्हणाल्या. प्रशिक्षित माणसानंच बसवायचं. माझ्या हातांकडं बघून त्यांनाच वाईट वाटलं असावं. दुसऱ्या कुणाकडं जायची सोय नाही. साध्या यंत्रात कुठल्याही कंपनीचं घेता येतं, दुकानं सांगलीत पायलीला पन्नास आहेत. इथं खुंटी ज्यांची, त्यांच्याच दारात जावं लागतं. दुसऱ्याचं यंत्र तिच्यावर बसेलच असं नाही, आणि हाडातला स्क्रू काही कपड्यासारखा बदलत नाहीत.

मध्यंतरी तासगावकडचं एक जोडपं दुकानात आलं होतं. त्यांच्या मुलीला जन्मतःच एका बाजूची कानाची वाट नाही, दुसरीही नीट नाही. एवढ्या लहान पोरांचं हाड पातळ, म्हणून स्क्रू बसवत नाहीत. डोक्याला मऊ पट्टा बांधून त्यावर यंत्र लावतात. पोरगी पट्टा ओढून काढते, यंत्र दुधात पडलं, वगैरे. मोठी झाली की स्क्रू घालायचा की नाही हे विचारायला आलेले. मी म्हटलं, स्क्रू घाला, डोळे झाकून घाला, भाषा यायची असेल तर लवकर ऐकू आलं पाहिजे. पण पैसे भरण्याआधी तीन गोष्टी लेखी मागा. बिघडलं तर बदली यंत्र मिळणार का आणि ते तिच्या मापानं बसवलेलं असेल का. वॉरंटीत दुरुस्तीला गेलेले दिवस धरणार की सोडणार. आणि हे मॉडेल बंद झाल्यावर किती वर्षं सुटे भाग मिळणार. नवरा लिहून घेत होता. बायको म्हणाली, “अण्णा, हे ते सांगतील का?” मी म्हटलं, पैसे भरायच्या आधी सगळे सगळं सांगतात.

तिसरा प्रश्न मी उगाच सांगितला नव्हता. या वर्षी मला पत्र आलंय. माझ्या मॉडेलची दुरुस्ती आता बंद होणार. नवीन यंत्र घ्या, जुनं जमा केलं तर सवलत. नवीन म्हणे मोबाइलशी जुळतं, फोन थेट डोक्यात येतो. खुंटी तीच चालेल, तेवढं बरं. मॅडम आता दुसरीकडं गेल्या, त्यांच्या जागी एक तरुण आहे, हसरा. त्यानं मला नवीन यंत्र लावून दाखवलं. आवाज खरंच स्वच्छ आहे, हे कबूल केलं पाहिजे. मागच्या खोलीतल्या पंख्याचं बेअरिंग वाजतंय हे मला बसल्या जागी कळलं. मी त्याला पंखा दुरुस्त करायला सांगितला.

मग किमतीवर आलो, आणि मी विचारलं की बदली यंत्र कुठं ठेवलेलं असतं, पुण्यात की मुंबईत, आणि आत्ता या क्षणी ते कपाटात आहे की कुणाकडं गेलंय. तो म्हणाला, “सर, मी विचारून कळवतो.” मी त्याच्या वहीत माझ्या नावापुढं मोठ्या अक्षरात लिहून आलो: फोन करू नका, मेसेज करा. परवा त्याचे दोन मिस्ड कॉल होते.